ब्रॉयलरच्या फीडमधलं तेल: सोया तेलाला पर्याय शोधताना

तुम्ही कंत्राटी पद्धतीने कंपनीचे पक्षी वाढवत असाल, तर हा लेख तुमच्या कामाचा नाही. फीड कंपनीचं, हिशेब कंपनीचा. त्यात चमचाभर तेलही स्वतःच्या डोक्याने घालू नका. हे लिहितोय ते स्वतःची पिल्लं घेणाऱ्या, मका आणि सोया डीओसी (तेल काढलेली सोयाबीन पेंड) आणून शेडच्या मागे ग्राइंडर-मिक्सर टाकणाऱ्या नव्या माणसासाठी. आमच्या सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या बाजूला असे माझ्यासारखे थोडेफार आहेत, आणि तेलाचा भाव चढला की सगळ्यांचा एकच प्रश्न असतो: सोया तेलाऐवजी दुसरं काय घालू?

भाव आपल्या हातात नाही. आपलं बरंचसं खाद्यतेल बाहेरून येतं, त्यामुळे दिल्लीतल्या एका अधिसूचनेने मिक्सरचं गणित बदलतं. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या पाम, सोया आणि सूर्यफूल तेलावर २० टक्के मूळ आयात शुल्क लागलं, मे २०२५ च्या अखेरीस ते १० टक्क्यांवर आलं. अशा हेलकाव्यात पर्याय माहीत असणं बरं. पण पर्याय म्हणजे स्वस्तातला ड्रम नव्हे, हे मी पैसे घालवून शिकलो. ते पुढे येतंच.

आधी, तेल घालायचंच कशाला?

मका किलोला साधारण ३३५० किलोकॅलरी देतो, सोया डीओसी २३०० च्या आसपास. फिनिशरला, म्हणजे तीन आठवड्यांनंतरच्या शेवटच्या फीडला, मात्र ३२०० च्या जवळपास ऊर्जा लागते आणि सोबत २० टक्के प्रथिन. प्रथिनासाठी डीओसी वाढवली की ऊर्जा खाली येते, ऊर्जेसाठी मका वाढवला की प्रथिन घसरतं. ही कोंडी तेलाने सुटते, कारण किलोभर सोया तेलात ८८०० किलोकॅलरी असतात.

इथे नवा माणूस एक चूक करतो: तेलाची तुलना मक्याशी करतो. समजा मका २४ रुपये आणि तेल १२० रुपये किलो. हजार किलोकॅलरीला मका सात रुपये पडतो, तेल साडेतेरा. कॅलरीच्या भावात तेल मक्याला कधीच हरवणार नाही. तेल आपण घेतो ते थोड्या जागेत जास्त ऊर्जा बसवायला. म्हणून तुलना तेलाची तेलाशी करा, आणि तीही किलोच्या भावाने नाही, पक्ष्याच्या अंगी लागणाऱ्या कॅलरीच्या भावाने.

पेन काढा

हजार पक्षी, विक्रीचं वजन सव्वादोन किलोच्या आत. सगळं मिळून साधारण ३३०० ते ३४०० किलो फीड जाईल. प्री-स्टार्टरमध्ये (पहिल्या दहा दिवसांचं फीड) एक-दीड टक्का, स्टार्टरमध्ये (त्यापुढे तीन आठवड्यांपर्यंतचं) अडीच, फिनिशरमध्ये साडेतीन टक्के तेल धरलं तर पूर्ण बॅचला अंदाजे १०० किलो तेल लागतं. म्हणजे १५ किलोचे सात डबे.

आता कुणी तुम्हाला किलोमागे ३० रुपये स्वस्त तेल दिलं, तर बॅचमागे ३००० रुपये वाचले. पक्ष्यामागे तीन रुपये.

दुसरी बाजू बघा. त्या तेलाने एफसीआर (किलोभर वजनासाठी लागणारं फीड) फक्त ०.०५ ने बिघडला, १.६० चा १.६५ झाला, तर २.१ किलोच्या पक्ष्याने १०५ ग्रॅम फीड जास्त खाल्लं. फीड ३८ रुपये किलो धरलं तर चार रुपये गेले. तीन वाचवले, चार घालवले. भाव तुमच्या बाजारातले टाका, आकडे थोडे हलतील, पण गोष्ट तीच राहील: तेलातली बचत छोटी असते आणि नुकसानीला वरची मर्यादा नसते.

माझ्या तिसऱ्या बॅचला एका व्यापाऱ्याने 'फीड ग्रेड' म्हणून काळपट तेलाचा ड्रम दिला. वास जरा उग्र होता, पण मी म्हटलं कोंबडीला काय कळतंय. अठराव्या दिवशी सकाळी शेडमध्ये गेलो तर काही पिल्लं मान मागे टाकून एका कुशीवर पडलेली, उठायला गेली की गोल फिरून परत पडायची. घरात सगळ्यांनी एकच नाव घेतलं, मानमोडी. मी लासोटाचा, म्हणजे मानमोडीच्या लशीचा, डोस पाण्यातून दिला आणि दोन दिवस वाया घालवले. मग पशुवैद्यकांनी मेलेलं पिल्लू उघडून लहान मेंदू दाखवला: सुजलेला, वर बारीक लाल ठिपके. रोग नव्हताच. खवट तेलाने फीडमधलं ई जीवनसत्त्व खाऊन टाकलं होतं. साधारण दोन ते चार आठवड्यांच्या पिल्लांत हे असंच दिसतं. तेल बदललं, पाण्यातून ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम दिलं, नवी पिल्लं पडायची थांबली. पडलेली काही उठली नाहीत. तेव्हापासून ड्रम उघडल्याशिवाय पैसे देत नाही.

कोणतं तेल कधी

पहिले दहा दिवस प्रयोग नको. पिल्लाचं पित्त आणि चरबी पचवणारं पाचक द्रव्य या वयात अपुरं असतं. सोया, सूर्यफूल यांसारखी पातळ तेलं त्याला बऱ्यापैकी पचतात, थिजणारी पाम किंवा प्राणिज चरबी बरीचशी विष्ठेतून बाहेर जाते. तेव्हा प्री-स्टार्टरला सोया तेलच, तेही थोडं. या काळात तेल लागतंच किती? हजार पिल्लांना पाच-सहा किलो. त्यात काटकसर करून काही हाती लागत नाही.

दहा दिवसांनंतर पाम तेल आणता येतं. ते एकटं देण्यापेक्षा सोया तेलात मिसळून द्या: स्टार्टरला दोन भाग सोया, एक भाग पाम, तीन आठवड्यांनंतर निम्मंनिम्मं. पातळ तेल सोबत असलं की थिजणारं तेलही चांगलं पचतं, त्यामुळे मिश्रणातून मिळणारी ऊर्जा दोघांच्या सरासरीपेक्षा थोडी जास्तच भरते. सोबत लेसिथिनसारखं इमल्सिफायर (चरबी पाण्यात मिसळायला मदत करणारं द्रव्य) घालणारेही आहेत. पाम जास्त असेल तर त्याचा उपयोग होतो, नुसतं सोया तेल असेल तर मला खर्च पटत नाही.

पाम वापरताना शिंपल्याचा आणि चुनखडीचा हात आवरा. थिजणाऱ्या चरबीतली आम्लं आतड्यात कॅल्शियमशी मिळून साबण बनवतात. चरबीही वाया जाते, कॅल्शियमही. याच कारणाने पंढरपुरी म्हशीसाठी घरात आणलेलं बायपास फॅट कोंबडीच्या फीडमध्ये ढकलू नका. ते मुळात कॅल्शियमचा साबणच असतं, रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटासाठी बनवलेलं.

कच्चं राइस ब्रान (भाताच्या कोंड्याचं) तेल तीन आठवड्यांपुढे चालतं, ताजं मिळालं तर. भाताचं पॉलिश वेगळं: त्यात १२ ते १५ टक्के तेल असतं, पण गिरणीतून निघाल्यापासून ते खवट व्हायला लागतं. आपल्याकडे भातगिरण्या जवळ नाहीत, माल लांबून येतो, तो येईपर्यंतच अर्धा बिघडलेला असतो. आणि डी-ऑइल्ड राइस ब्रानला पॉलिश समजून घेऊ नका. नावातच आहे, त्यातलं तेल काढून घेतलेलं असतं.

ॲसिड ऑइल हा सर्वात जास्त विकला जाणारा 'पर्याय'. तेल रिफाइन करताना खाली बसलेला साबणाचा गाळ ॲसिडने फोडून ते काढतात. त्यात मोकळी फॅटी ॲसिड निम्म्याहून जास्त असतात, त्यामुळे ऊर्जा मूळ तेलापेक्षा कमी धरावी लागते. मी हिशेबात हजार किलोकॅलरी कमी धरतो. चांगल्या रिफायनरीचं, तपासणीच्या कागदासह आलेलं ॲसिड ऑइल मोठ्या पक्ष्यांना इतर तेलात मिसळून देता येतं. कागद नसलेलं नको. त्यात कुठल्या बियांचं तेल आहे, ॲसिड नीट धुतलंय की नाही, काहीच समजत नाही.

भजी-वड्याच्या कढईतलं उरलेलं तेल फुकटात मिळेल. तरी नको. पुन्हा पुन्हा तापलेल्या तेलात जी संयुगं तयार होतात, त्यांच्यासाठीच माणसाच्या खाण्यातल्या तेलाला टोटल पोलर कंपाउंडची (तापून बिघडलेल्या घटकांची) २५ टक्क्यांची मर्यादा २०१८ पासून आहे. असं तेल गोळा करून बायोडिझेलकडे वळवायची एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची) मोहीमही त्याच वर्षीची. जे तेल माणसाच्या ताटातून बाहेर काढलं, ते कोंबडीमार्गे परत ताटात आणायचं कशाला? बेल्जियममध्ये १९९९ साली गोळा केलेल्या जुन्या चरबीत ट्रान्सफॉर्मरचं तेल मिसळलं गेलं, ती चरबी कोंबड्यांच्या फीडमध्ये गेली आणि देशभरातल्या कोंबड्या-अंडी बाजारातून उचलावी लागली. गोळा केलेल्या तेलात शेवटी काय मिसळलंय हे कुणालाच माहीत नसतं.

सरकीचं कच्चं तेल आणि सरकी पेंड गोठ्यातच राहू द्या, त्यातलं गॉसिपॉल हे विषारी द्रव्य कोंबडीला सोसत नाही. करंज, एरंडी, निंबोळी यांची तेलं तर अजिबात नकोत. करडई आपल्या मातीतलं पीक, सोलापूरला त्याचं संशोधनही चालतं, पण करडईचं तेल कोंबडीला घालण्याइतकं स्वस्त कधी होईल असं वाटत नाही. शेंगदाणा पेंडीत घाण्याचं सहा-आठ टक्के तेल उरतं म्हणून कुणी सुचवतं. त्यात अफ्लाटॉक्सिनचा (बुरशीच्या विषाचा) धोका इतका, की मी हात लावत नाही.

तेल दाण्यातच असेल तर

मला सर्वात पटलेला पर्याय ड्रममध्ये मिळतच नाही. तो म्हणजे भाजलेलं अख्खं सोयाबीन. बार्शी, लातूरचा बाजार जवळ, माल डोळ्यांसमोर. सोयाबीनमध्ये १८ ते २० टक्के तेल आणि ३६-३७ टक्के प्रथिन. हे तेल दाण्याच्या आत बंद असतं, हवा लागत नाही, म्हणून खवटही लवकर होत नाही.

एक टन फिनिशरचं उदाहरण घ्या. मका ५८० किलो, डीओसी ३२०, तेल ५८, बाकी ४२ किलोत कॅल्शियम-फॉस्फरस, मीठ, मेथिओनिन आणि लायसिन (प्रथिनातली गरजेची अमिनो आम्लं) आणि प्रीमिक्स (जीवनसत्त्वं-खनिजांचं तयार मिश्रण). आता त्यात १०० किलो भाजलेलं सोयाबीन घातलं तर ८० किलो डीओसी आणि २० किलो तेल बाहेर काढता येतं: मका ५८०, डीओसी २४०, भाजलेलं सोयाबीन १००, तेल ३८, बाकी तेच ४२. ऊर्जा दोन्हीकडे ३१५० ते ३२०० च्या दरम्यान, प्रथिन २० च्या आसपास. शिवाय ५८ किलो तेल भरड्या फीडमध्ये घातलं की पोत्यातून पाझरतं, ३८ किलो सामावतं.

पैशाचं गणित असं मांडा. डीओसी ४० रुपये आणि तेल १२० रुपये असेल तर बाहेर काढलेला माल ५६०० रुपयांचा. सोयाबीन ४५०० रुपये क्विंटल, भाजणावळ ४००, भाजताना चारेक किलो घट, म्हणजे १०० किलो भाजलेला दाणा ५१०० रुपयांच्या घरात. टनामागे पाचशे वाचले. तेच सोयाबीन ५५०० वर गेलं की हा खर्च सहा हजारांच्या पुढे जातो, तेव्हा गुपचूप डीओसी-तेलावर परत या. सोयाबीन स्वतःच्या रानातलं असलं तरी बाजारभावच धरा.

भाजणं मात्र नीट हवं. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिन पचू न देणारी द्रव्यं असतात. पक्षी खातो पण वाढत नाही, विष्ठा पातळ होते. फुटाण्याच्या भट्टीवाल्याकडून गरम वाळूत भाजून घेता येतं. दाणा आतपर्यंत साधारण ११५-१२० अंशांना तापला पाहिजे. फोडून बघा: आत हिरवट-कच्चट चव लागली तर कमी भाजलाय, तपकिरी होऊन कडवट लागला तर लायसिन जळालं. जिभेवर फार विसंबू नका, पहिल्या खेपेचा नमुना युरिएज चाचणीला द्या, दाणा पुरेसा भाजलाय का ते तिच्यातून कळतं. पीएचमधला फरक ०.०५ ते ०.२० मध्ये आला की भट्टीवाल्याला तीच वेळ, तीच आच कायम ठेवायला सांगा. स्टार्टरमध्ये ५ टक्के, फिनिशरमध्ये १० टक्क्यांपर्यंत. दळताना मक्यासोबत दळा, नुसतं सोयाबीन टाकलं तर ग्राइंडरची जाळी लोण्यासारख्या लगद्याने बुजते.

बाजरीचंही सांगून टाकतो. तिच्यात पाचेक टक्के चरबी असते, मक्यापेक्षा जरा जास्त, आणि प्रथिनही जास्त. खरिपात मका महाग आणि बाजरी स्वस्त असेल तर थोडा मका तिने बदलता येतो. पण दाणा नीट फुटला पाहिजे, आणि काळं-जांभळं अरगट (कणसावरची विषारी बुरशी) दिसलं तर तो माल परत करा.

ड्रम उघडल्यावर

प्रयोगशाळा लांब असली तरी नाक जवळ आहे. तळहातावर दोन थेंब घेऊन चोळा आणि वास घ्या. सोलापूरच्या माणसाला खवट शेंगाचटणीचा वास शिकवावा लागत नाही. तोच वास इथे आला तर ड्रम बंद करा. पळीत थोडं तेल तापवा. तडतडलं तर पाणी आहे. पारदर्शक बाटलीत भरून उबेला रात्रभर ठेवा, तळाशी गाळ किंवा पाण्याचा थर दिसतो का बघा. पाणी, कचरा आणि साबण न होणारे घटक मिळून दोन-तीन टक्क्यांच्या वर असतील तर तेवढ्याचे पैसे तुम्ही फुकट देताय.

मोठी खरेदी असेल तर पेरॉक्साइड व्हॅल्यू, म्हणजे खवटपणाचा आकडा, तपासून घ्या. पाचच्या आत उत्तम, दहाच्या वर नको. एक खोच लक्षात ठेवा: तेल फार जुनं झालं की हा आकडा पुन्हा खाली येतो. आकडा चांगला पण वास घाण, तर वासावर विश्वास ठेवा. तपासणी कुठे होईल हे विचारायला आपल्याला शिरवळ आणि उदगीरची पशुवैद्यक महाविद्यालयं त्यातल्या त्यात जवळ. तिथल्या पशुपोषण विभागाला फोन करून मगच नमुना पाठवा.

ड्रम सावलीत, तोंडापर्यंत भरलेला, झाकण घट्ट. पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिल-मेमध्ये काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. पितळी किंवा तांब्याची तोटी नको, त्या धातूने तेल लवकर बिघडतं. आणि जुनं तळाशी असताना त्यावर नवं ओतू नका. ते जुनं तेल विरजणासारखं काम करतं, चार दिवसांत नव्यालाही आपल्यासारखं करतं. ड्रम रिकामा करा, धुवा, कोरडा करा. दोन-तीन आठवडे ठेवायचं असेल तर तेल आल्याबरोबर अँटिऑक्सिडंट घाला, मात्रा पाकिटावर असेल तेवढीच. बिघडलेलं तेल त्याने सुधारत नाही.

मिसळणं

पुरणपोळीच्या कणकेला मोहन घालणाऱ्या घरात हे सोपं जावं. पीठ-मीठ आधी, मोहन नंतर. तसंच मका, डीओसी, प्रीमिक्स सगळं कोरडं दोन-तीन मिनिटं फिरवा, मग तेल बारीक छिद्रांच्या नळीतून हळूहळू सोडा, वरून आणखी तीन-चार मिनिटं. तेल आधी घातलं तर प्रीमिक्सच्या गोळ्या होतात, एका पिल्लाला जीवनसत्त्वाचा डोंगर आणि दुसऱ्याला काहीच नाही.

मिक्सर नसेल, फावड्याने जमिनीवर मिसळत असाल, तर सगळं तेल आधी २५-३० किलो डीओसीत हाताने चोळून घ्या आणि तो माल बाकीच्यात पसरा. चकलीच्या पिठाचा मुटका वळला की मोहन बरोबर मानतात. फीडचा मुटका वळला तर तेल जास्त झालं. भरड्या फीडमध्ये चार टक्क्यांच्या वर जाऊ नका. हिवाळ्यात पहाटे पाम तेल थिजलेलं असेल तर ड्रम उन्हात किंवा गरम पाण्यात ठेवा, खाली जाळ लावू नका. तेल मिसळलेलं फीड उन्हाळ्यात आठवडाभरात संपेल इतकंच बनवा.

तेल वाढवलं की पक्षी कमी खातो, म्हणजे प्रथिनही कमी जातं. त्यामुळे लायसिन-मेथिओनिन त्याच प्रमाणात वाढवलं नाही तर वजनाऐवजी पोटात पिवळी चरबी साठते. उन्हाळ्यात हाच गुण उपयोगी पडतो: चरबी पचवताना अंगात उष्णता कमी तयार होते, म्हणून ४२-४३ अंशांच्या दिवसांत मी थोडा मका कमी करून एक टक्का तेल वाढवतो, आणि सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच फीड उचलून ठेवतो.

पहिल्यांदा बदलताना

सगळ्या शेडला एकदम नवं तेल नको. जाळी लावून शंभर पक्षी वेगळे करा, त्यांना तीन-चार दिवसांत जुन्यातून नव्या फीडवर आणा. दर आठवड्याला दोन्ही कप्प्यांतले वीस-वीस पक्षी तोला आणि फीडची पोती लिहून ठेवा. शेडमध्ये अंथरलेला तूस बघत राहा. चिकट, तेलकट, फिकट विष्ठा दिसली तर चरबी पचत नाहीये. पाम कमी करा, सोया वाढवा. तूस कोरडा, वजन बरोबरीचं, आणि फीडही तेवढंच लागलं, तर पुढच्या बॅचला अर्ध्या शेडला द्या. माझी वही दोन वर्षांची आहे आणि त्यात आतापर्यंत भाजलेल्या सोयाबीनला तीन वेळा हो, पाम मिश्रणाला दोन वेळा हो, एकदा नाही असं लिहिलंय. तो नाही डिसेंबरातला होता, तेल थिजून मिक्सरच्या भिंतीलाच बसलं होतं.